सुनंदाने हाक का मारली नाही

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेली असताना लोकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "मॅडम, माणूस असा कित्याक करता ओ? जीव नको कसो होता माणसाक?" विचारताना आवाज खाली येतो, आजूबाजूला कोण आहे हे आधी बघून घेतलेलं असतं. मला लगेच कळतं की प्रश्न जगाबद्दलचा नाही. यांच्या घरात कोणीतरी आहे. किंवा ते स्वतःच आहेत.

मी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची समुपदेशक होते. नोकरीचा बहुतेक काळ सिंधुदुर्गातच गेला. ठरलेल्या वारी मानसोपचाराचे डॉक्टर आणि मी एकेका तालुक्याच्या दवाखान्यात जायचो. तिथे आम्हाला जी खोली मिळायची ती बहुधा मलमपट्टीच्या खोलीला लागून असे. मधली भिंत पातळ. आमच्याकडे कोणी रडायला लागलं की पलीकडून पायाला ड्रेसिंग करून घेणारा म्हणायचा, "तेका माझ्यापेक्षा जास्ती लागला आसा दिसता!" लोक मला 'डोक्याची बाई' म्हणत. सुरुवातीला राग यायचा. पुढे वाटलं, पोटाचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, तशी डोक्याची बाई. काय वाईट आहे?

औषध देणं डॉक्टरांचं काम. माझं काम विचारण्याचं आणि ऐकण्याचं. बाहेरच्यांना वाटतं आम्ही समजूत घालतो. समजूत घालणारे घरी पुष्कळ असतात, त्यासाठी कोणी एसटीने तालुक्याला येत नाही. आम्ही विचारतो, आणि सरळ विचारतो. "जीव नकोसा वाटतो का? मरून जावं असं मनात येतं का?" सोबत आलेले नातेवाईक दचकतात. मॅडम, नसलेलं तिच्या डोक्यात घालू नका, म्हणतात. पण विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर येतो, एवढंच. ज्याच्या मनात तो असतो त्याचे खांदे त्या प्रश्नासरशी खाली येताना मी कितीतरी वेळा पाहिले आहेत. चला, कोणीतरी त्याचं नाव तरी घेतलं.

आता 'कित्याक', म्हणजे 'कशासाठी', या प्रश्नाची उत्तरं. कॉलेजात आम्हाला ती पाठ करायला लावली होती, आणि मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. एक जुनं मत असं की जगण्याच्या ओढीबरोबर मोडून जाण्याची ओढही प्रत्येकात जन्मापासून असते. दुसरं मत, हा राग असतो. ज्याच्यावर काढायचा त्याच्यावर काढता येत नाही, म्हणून तो आत वळतो. तिसरं सांगतं, आपण कोणाचेच नाही आणि सगळ्यांना जड झालो आहोत, असं दोन्ही एकदम वाटू लागलं की धोका. चौथं, दुःखात नजर अरुंद होते, चार वाटा असल्या तरी एकच दिसते. आणखी एक आहे, ते मला नेहमी खरं वाटत आलं: माणसाला मरायचं नसतं, त्याला थांबायचं असतं, आणि थांबायची दुसरी जागा त्याला सापडत नाही. याशिवाय आमच्याकडे बाधा, करणी आणि देवाचा कोप ही मतं आहेतच. त्यांच्याशी मी कधी भांडले नाही. "देवाक कौल लावा, आणि गोळी पण घेवा," असं डॉक्टर सांगत आणि दोन्ही गोष्टी व्हायच्या.

पण माणसं मतांप्रमाणे वागत नाहीत. रेडीचे एक काका होते, बंदरावर खनिज भरायच्या कामावरून निवृत्त झालेले. रक्तातली साखर भयंकर, इन्सुलिन अचानक बंद केलेलं, आणि गावोगावच्या जत्रेतून गुळात घोळलेलं खाजं आणून खायचे. मुलगा त्यांना घेऊन आला, म्हणाला, बाबा जिवावर उठलेत. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मी मरूक जातंय असा कोणी सांगल्यान तुमका? मी खाजा खाऊक जातंय." पुष्कळ वेळाने, मुलगा बाहेर गेल्यावर, बायकोचा विषय निघाला. इंजेक्शन ती टोचायची. ती गेली. "आता कोण टोचतला?" स्वतः टोचणं त्यांना येत होतं. पण ते स्वतःसाठी करण्याएवढे आपण कोणी आहोत, असं वाटेनासं झालं होतं. सुनेने सुई हातात घेतली तेव्हा पुढचं सुरळीत झालं. खाजं सुटलं नाही. असल्या संथ मरणाला कोणी आत्महत्या म्हणत नाही, त्याची कुठे नोंद होत नाही, पण आमच्याकडे येणाऱ्यांत अशीच माणसं जास्त.

सुनंदाची गोष्ट मला सांगायची आहे ती त्यामुळेच. नाव बदललं आहे, तिच्या परवानगीने.

देवगडजवळ, जामसंड्याच्या पलीकडे एका वाडीत तिचं घर. चाळिशी उलटलेली, एक मुलगा पुण्याला शिकत होता, नवरा प्रकाश मुंबईला नोकरीत. घरी ती आणि सासू. सासूला विस्मरणाचा आजार. म्हातारी हिंडती-फिरती होती, पण सुनेला ओळखत नसे. कधी चोर म्हणायची, कधी कामाला आलेली बाई. आणि दिवसभर एकच विचारायची, "माझो प्रकाश इलो?" सुनंदा म्हणायची, "येतलो, आये." पुन्हा थोड्या वेळाने तेच. अशी वर्षं गेलेली.

पेरणीआधी भाताची जमीन भाजतात, त्या भाजावळीसाठी ती अंगणातल्या आंब्याखालचा पातेरा, म्हणजे वाळलेली पानं, गोळा करत होती. पातेऱ्यात फुरसं होतं. आमच्याकडे कातळावर फुरशी पुष्कळ. हाताएवढासाच साप, पण विष रक्तात भिनतं. वेळेत इंजेक्शन मिळालं तर माणूस बहुधा वाचतो, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. सुनंदाला फुरसं चावलं आणि तिने कोणाला सांगितलं नाही.

शेजारच्या फातिमाबी दुपारी सुरी मागायला आल्या म्हणून कळलं. त्यांनी तिला आपल्या दिराच्या रिक्षात घातलं, म्हातारीला आपल्या सुनेच्या स्वाधीन केलं आणि ग्रामीण रुग्णालय गाठलं. तोवर पाय सुजून आला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी शर्थ केली. धोका टळल्यावर त्यांनी मला बोलावलं. "बराच वेळ गप्प बसून होती. का ते कळत नाही. जरा बोलून बघा."

मी वॉर्डात गेले तेव्हा सुनंदा नर्सची माफी मागत होती. उगाच एक खाट अडवून ठेवली म्हणून. मी ओळख सांगितली. ती हसली. "माका समजलाच नाय ओ बाई. काटो लागलो असात असा वाटला."

मी बरं म्हटलं आणि बाहेर आले. व्हरांड्यात फातिमाबी बसल्या होत्या, धिप्पाड बाई, पदर डोक्यावरून घेतलेला. त्या म्हणाल्या, "काटो? खोटा सांगता ती. मी गेलंय तेव्हा अंगणात टोपली पालथी घातलेली, वर धोंडो. मी इचारलंय, गो, ह्या काय? म्हणता, खाली फुरसा आसा, म्हातारेचो पाय पडात म्हणान झाकलंय. मी म्हटलंय, आणि तुझ्या पायाक काय झाला? तर म्हणता, चावला. असा सांगता जसा दूध उतू गेला!"

मी परत आत गेले नाही, त्या दिवशी तरी. टोपलीचा विचार करत राहिले. साप चावलेल्या बाईने साप झाकला, वर दगड ठेवला, आत जाऊन सासूला पेज भरवली आणि पायरीवर येऊन बसली. सासू वाचली पाहिजे, याची तिने पुरती व्यवस्था केली होती. नजर अरुंद झाली होती म्हणावं तर तिला सगळं दिसत होतं. फक्त वाचवायच्या माणसांत ती स्वतः नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "सुनंदाताई, टोपलीबद्दल कळलं मला."

ती छताकडे बघत म्हणाली, "खोटा बोलूचा नाय आता. फुरसा बघलंय मी. वळाखलंय पण."

"मग हाक का मारली नाहीत?"

"तुमका सांगलंय तर हसशात."

"नाही हसणार."

"माका बरा वाटला."

मी थांबले. अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं, ते शिकायला मला पुष्कळ वर्षं लागली.

"म्हातारेक टाकून गेल्यार लोक नाव ठेवतले. जीव दिल्यार माझ्या पुण्याच्या झिलाक तोंड दाखवूक जागा नाय. पण फुरश्यान चावला, तर माझो काय दोष? कोण काय बोलूचा नाय. असा मनात इला, आणि हातपाय एकदम हलके झाले. कितके दिवसांनी अशी बसलंय, काय सांगू तुमका. पाय दुखा होतो, लय दुखा होतो. पण बसान ऱ्हवलंय."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं. मीच खिडकीकडे बघितलं.

पाठ केलेली मतं मी मनातल्या मनात तिच्यावर घालून पाहिली. राग आत वळलेला? होता. सगळ्यांना जड झालो असं वाटणं? उलट, तिलाच सगळे जड झाले होते, आणि तसं वाटतं याची तिला लाज होती. थांबायची जागा नसणं? हे सर्वांत जवळचं. पण दोष न लागता सुटका व्हावी, इतकंच मागणारी बाई मी पुस्तकात वाचली नव्हती. नंतर मात्र अशी माणसं मला सगळीकडे दिसू लागली. रस्ता न बघता ओलांडणारी, ताप अंगावर काढणारी, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलत राहणारी. ती काही करत नाहीत. नुसती हाक मारत नाहीत.

एक प्रश्न उरला होता. "मग फातिमाबींना का सांगितलंत? काटा म्हणाला असतात तर त्या सुरी घेऊन गेल्या असत्या."

"तिना इचारल्यान."

"म्हणजे?"

"तुझ्या पायाक काय झाला, असा इचारल्यान. खूप दिवसांत माका कोणी, काय झाला गो, म्हणान इचारूक नाय. तोंडातसून खरा भायर पडला."

आमच्या धंद्यात सगळ्यात उपयोगी मत हेच: मरावंसं वाटणाऱ्या माणसाला त्याच वेळी जगावंसंही वाटत असतं. शेवटपर्यंत. दोन्ही मनं एकाच अंगात असतात. आपण आत शिरायचं ते त्या दुसऱ्या मनाचा हात धरून. फातिमाबींनी हे कुठे वाचलं नव्हतं, त्या शेजारीण होत्या.

आमच्या डॉक्टरांनी उदासीनतेच्या आजारावरच्या गोळ्या सुरू केल्या. प्रकाश मुंबईहून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. माझ्याशी त्याने शुद्ध मराठीत बोलायला सुरुवात केली. "मॅडम, मला फक्त एक कारण सांगा. मी रोज फोन करतो. घरात काही कमी नाही. तिने असं का करावं? हे मेंदूतल्या रसायनांमुळे होतं ना? मी वाचलंय."

"त्यामुळेही होतं," मी म्हटलं. "म्हणून गोळ्या आहेत."

त्याला हायसं वाटलं. मला त्याचा राग आला नाही. घरच्यांना असं कारण हवं असतं की ज्यात घरातलं कोणी नसेल. नवऱ्याला काय सांगायचं आणि काय नाही हे मी सुनंदाला आधीच विचारून घेतलं होतं. ती म्हणाली होती, सगळा सांगा, माझ्या तोंडातसून येवचा नाय. म्हणून टोपलीपासून सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी मी म्हटलं, "तिला काही दिवस घराबाहेर राहायला हवं. बहीण आहे ना आरोंद्याला? तिथे पाठवा."

"आणि आई?"

तो फोन घेऊन बाहेर गेला. दोन भाऊ होते, दोघांशी बोलला. आवाज चढलेला ऐकू आला, मग उतरलेला. आत येऊन म्हणाला, "मी रजा टाकतो. बघतो मीच. एका म्हातारीला सांभाळायचं त्यात काय?"

सुनंदा आरोंद्याला खाडीकाठी बहिणीकडे गेली. तिथल्या पहिल्या दिवसांत ती नुसती झोपत होती, असं बहिणीने कळवलं.

पुढच्या महिन्यात आमच्या वाराला प्रकाश एकटाच आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. सुनंदाच्या गोळ्या घ्यायला आलोय म्हणाला. चिठ्ठी घेतली तरी उठेना. मग मालवणीत बोलू लागला.

"मॅडम, आये दिवसभर इचारता, माझो प्रकाश कधी येतलो. मी सांगतंय, आये, मीच तो. ती म्हणता, चल, तू खंयचो? माझो प्रकाश मोठो सायब आसा मुंबयक. माका भिकाऱ्यासारखा हाकलता. सकाळी इचारता, जेवताना इचारता. काल मी तिच्यार वरडलंय. हात उगारलंय, मॅडम. मारूक नाय. मगे मागल्यादारी जावन बसलंय."

मी त्यालाही तेच विचारलं. सगळ्यांना विचारते ते. "प्रकाशराव, जीव नकोसा वाटतो का?"

तो दचकला. माझ्याकडे, मग दाराकडे बघितलं. "नाय. मरूचा असा नाय वाटत. पण रोज सकाळी वाटता, बॅग उचलूची, मुंबयची गाडी धरूची आणि परत तोंड दाखवूचा नाय."

"वाटणारच," मी म्हटलं. "त्यात लाज वाटायचं काही नाही."

भिंतीपलीकडे कोणीतरी ड्रेसिंगच्या वेळी कण्हत होतं. मग तो हळूच म्हणाला, "माका धरूक गाडी तरी आसा. तिका गाडी नव्हती."

त्याने मागितलेलं कारण त्याने स्वतः शोधलं होतं. मी त्यात भर घातली नाही.

सगळं चांगलं झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. भावांपैकी एकाने एकदा येऊन आईला बघितलं आणि पुन्हा आला नाही. दुसऱ्याची बायको मात्र उन्हाळ्यात येऊन राहू लागली. प्रकाशने पुढे मुंबईची नोकरी सोडली. घरकामात तो फारसा उपयोगाचा निघाला नाही, पण आईला पेज भरवायला शिकला, आणि तिने प्रकाश कधी येणार विचारलं की "येतलो" म्हणायला शिकला. सुनंदा परत आली ती स्वतःच्या मनाने, बहिणीने थांब म्हटलं तरी. गोळ्या बरेच दिवस चालल्या. मध्ये एकदा तिने त्या परस्पर बंद केल्या आणि पुन्हा पायरीवर बसू लागली. तेव्हा प्रकाशच तिला घेऊन आला.

तिच्यासारख्या सगळ्यांपर्यंत आम्ही पोचलो नाही. काही नावं आमच्याकडे आलीच नाहीत, ती नंतर वर्तमानपत्रात दिसली. डॉक्टर आणि मी परतीच्या गाडीत अशा दिवशी बोलत नसू. त्या माणसांना कोणी काय झालं असं विचारलं असेल का, हा प्रश्न घेऊनच मी निवृत्त झाले, आणि त्याला उत्तर नाही.

निवृत्तीच्या आधी शेवटच्या वेळी देवगडच्या बाजूला गेले तेव्हा सुनंदा तपासणीला आली होती. सासू त्याआधीच गेली होती. मला धास्ती होती. ज्याच्यासाठी इतकी वर्षं उठायचं ते माणूस गेलं की कधी कधी उठण्याचं कारणच जातं. ती जाडसर झाली होती, केसांत अबोली माळलेली. मी विचारायचं ते विचारलं. "अजून तसे विचार येतात?"

"येतत," ती म्हणाली. खोटं बोलली नाही याचं मला बरं वाटलं. "पयल्यासारखे नाय. पण येतत."

"मग काय करता?"

"हाक मारतंय."

"कोणाला?"

"जो जवळ आसात तेका. परवा हे बाजारात गेलेले. दुपारचा मन कसासाच झाला. मगे दोन घरांच्या मधल्या गडग्याजवळ जावन फातिमाबीक हाक मारलंय. म्हटलंय, गो, माका बरा वाटणा नाय."

"त्या आल्या?"

सुनंदा हसायला लागली. "खंय! आतसूनच वरडली, माझे बांगडे तव्यार आसत, करपतीत, वायच थांब!"

"आणि मग?"

"मगे काय," सुनंदा म्हणाली, "थांबलंय."